टूवूंबाचा चाळीस मिनिटांचा कंपाइल

"किती झालं?" मी विचारलं.

"एकसष्ट टक्के," डेनिस म्हणाली. "पाच मिनिटांपूर्वी साठ होतं."

फोनमधून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. सोमवार होता, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. डेनिस क्वीन्सलँडमध्ये टूवूंबाला होती. मी मेलबर्नमध्ये, क्लेटनच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. मेलबर्नचा दुसरा लॉकडाउन चालू होता. ते टेबल म्हणजेच माझं ऑफिस.

डेनिस तिथल्या कोविड टेस्टिंग सेंटरचे कॉम्प्युटर सांभाळायची. टूवूंबात बस नावापुरत्या, त्यामुळे सगळे गाडीनेच यायचे. काच खाली करायची, नर्स टॅब्लेटवर बघून प्रश्न विचारणार, मग नाकात काडी. 'गेल्या चौदा दिवसांत यापैकी कुठे गेला होता का?' हा पहिला प्रश्न. ती ठिकाणांची यादी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची आणि नवी यादी पहाटे यायची. डेनिस ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, मग कंपाइल करायची. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेले नियम मशीनला कळतील अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम. ते झाल्याशिवाय नवे प्रश्न टॅब्लेटवर येत नाहीत. यादीत एक नाव वाढलं तरी सेंटरच्या लॅबचे सगळेच्या सगळे नियम पुन्हा कंपाइल व्हायचे.

याला चाळीस मिनिटं लागायची. सेंटर सातला उघडायचं. यादी साडेसहाला आली की संपलं. नर्सेस कागदी फॉर्म काढायच्या, एका गाडीला दुप्पट वेळ, आणि रांग हायवेपर्यंत.

"ऐक," डेनिस म्हणाली, "मॅनेजरने सांगितलंय. शुक्रवारी सकाळपर्यंत हे सुधारलं नाही तर पुढच्या आठवड्यापासून दुसरं सॉफ्टवेअर. मला पाच मिनिटांत झालेलं हवंय."

"पंधरा," मी म्हणालो.

"पंधरा? इथे गाडीत पोरं रडतायत. सहा."

"बारा."

"तू आधी भाजी विकायचास का रे?"

"मागाचे सुटे भाग. इचलकरंजीला."

"काय ते मला कळलं नाही, पण कळल्यासारखं वाटतंय. आठ."

"दहा. आणि शुक्रवारी तू फोन करायच्या आधी मी करीन."

"दहा," ती म्हणाली. "त्याच्या वर एक मिनिट नाही."

माझ्या मनातला आकडा आठच होता. पण मनातला आकडा पहिल्यांदा सांगून टाकणाऱ्या माणसाने बाजारात जाऊ नये. तो कसा गाठायचा हे मला ठाऊक होतं. तीन वर्षांपासून ठाऊक होतं, आणि हेच माझं दुखणं होतं.

मी डिप्लोमावाला. इचलकरंजीत दिवसा मागाचे भाग विकले, संध्याकाळी क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकलो. ऑस्ट्रेलियात आल्यावर पहिलं वर्ष सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला खोकी फोडली. मग या कंपनीत सपोर्टला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी घ्यायला, लागलो. कंपायलर टीम वेगळी. त्यातले सगळे पदवीच्याही वरचे, आणि सगळ्यांचा म्होरक्या हेमिश. पीएचडी. त्याची युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. लॉकडाउनमध्ये व्यायामाला एक तास बाहेर पडायची परवानगी होती, तेव्हा मी रोज त्याच युनिला बाहेरून एक फेरी मारायचो. आत कधी गेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी मी हेमिशला दोन पानांची नोट पाठवली होती. कंपायलर कुठे वेळ घालवतो आणि काय करायला हवं, सगळं लिहून. दोन रविवार घालवले होते त्यावर. त्याचं उत्तर आलं एका शब्दाचं : 'पार्क्ड.' म्हणजे बाजूला ठेवलंय. का, ते नाही. ती ईमेल मी एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवली होती. त्या फोल्डरमध्ये तेवढी एकच ईमेल होती.

नऊ वाजता ग्रेगचा, म्हणजे आमच्या बॉसचा, व्हिडिओ कॉल.

"नवा सर्व्हर पाठवू," ग्रेग म्हणाला.

"डिलिव्हरीला आठ आठवडे. आणि बसवायला कोण जाणार? क्वीन्सलँडची बॉर्डर बंद आहे. मला दुधालासुद्धा पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नाही."

"मग?"

"मी करतो. कंपायलरमध्ये. शुक्रवारपर्यंत दहा मिनिटांच्या आत."

"तू सपोर्टला आहेस, मेट."

हे वाक्य ऐकलं की माझ्या कानशिलात काहीतरी उडायला लागतं. मी पाण्याचा एक घोट घेतला. मग म्हणालो, "टूवूंबा गेलं तर सपोर्टला तरी राहणार आहे का? आमचं तिघांचं डेस्क त्यांच्यावरच चालतं."

ग्रेगने कपाळ चोळलं, म्हणजे माझं बरोबर होतं.

"दहाच्या आत आणलं तर मला कंपायलर टीममध्ये घ्यायचं," मी म्हणालो. "लेखी."

"आणि नाही आणलं तर?"

"तर सहा महिने मी सकाळच्या मीटिंगमध्ये कोणाशी भांडणार नाही."

"हे लेखी देतोस?"

"देतो."

पाच मिनिटांत त्याची ईमेल आली. माझ्या मते दुसऱ्या अटीसाठीच आली.

आता काम. पहिली अडचण अशी, की हाच कंपाइल हेमिशच्या लॅपटॉपवर सहा मिनिटांत व्हायचा. त्यामुळे त्याच्या लेखी प्रॉब्लेमच नव्हता. "माझ्याकडे तर व्यवस्थित चालतंय," हे त्याने मला चॅटवर दोनदा लिहिलं. त्याच्या लॅपटॉपला मेमरी मुबलक. टूवूंबाचं मशीन जुनं, मेमरी तुटपुंजी. मी माझ्या लॅपटॉपवर कंपायलरला सक्त ताकीद दिली : तुला टूवूंबाइतकीच मेमरी मिळेल. कंपाइल लावला. बेचाळीस मिनिटं. टूवूंबाचा आजार आता माझ्या टेबलावर होता; इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

मग प्रोफायलर लावला. प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं हे साधन. अर्ध्याहून जास्त वेळ जात होता मेमरीतला कचरा गोळा करण्यात, आणि तो कचरा होता टाइप सिग्नेचरचा.

टाइप सिग्नेचर म्हणजे एखाद्या नियमाला चिकटवलेलं लेबल. हा नियम आत काय घेतो, बाहेर काय देतो, ते त्यावर थोडक्यात लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ 'क्लिनिक/पेशंट' आत, 'हो-नाही' बाहेर. एक नियम दुसऱ्याला बोलावतो तेव्हा कंपायलर दोघांची लेबलं जुळतात का ते तपासतो. टूवूंबाच्या नियमांत अशी तपासणी लाखो वेळा व्हायची.

आमचा कंपायलर ही लेबलं कशी वाचायचा? समजा तुमच्या हातात वाण्याची लांबलचक यादी आहे आणि त्यात पोहे आहेत का ते बघायचंय. तुम्ही काय कराल? यादीवरून बोट फिरवाल. आमचा कंपायलर आधी अख्ख्या यादीची झेरॉक्स काढायचा. मग कात्रीने एकेक ओळ कापून वेगळी करायचा. प्रत्येक चिठ्ठी उचलून विचारायचा, हे पोहे का? नाही. चिठ्ठी जमिनीवर. पुढच्या तपासणीला पुन्हा नवी झेरॉक्स. थोड्या वेळाने खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही, मग सगळं काम थांबवून झाडू. हेमिशची खोली मोठी, तिथे झाडू क्वचित लागायचा. टूवूंबाची खोली लहान, तिथे झाडूच चालू.

या चिठ्ठ्या म्हणजे स्ट्रिंग. स्ट्रिंग वापरायला सोपी असते, पण दर वेळी नवी बनवावी लागते. माझ्या दोन पानांत इतकंच लिहिलं होतं, की लेबलं कॅरेक्टर ॲरे म्हणून ठेवा. कॅरेक्टर ॲरे म्हणजे एकामागून एक मांडलेली नुसती अक्षरं. फाइल वाचली की ती अक्षरं मेमरीत आलेलीच असतात. ती तिथेच राहू द्या. कापू नका. 'या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत' एवढे दोन आकडे लक्षात ठेवा. म्हणजेच बोट ठेवा. तुलना करायची तर जागेवरच अक्षराला अक्षर लावून बघा.

मंगळवार आणि बुधवार मी तेच केलं. जिथे जिथे लेबल कापलं जात होतं तिथे दोन आकडे घातले. कोणतं लेबल कुठे ठेवलंय ते शोधणारं टेबल नव्याने लिहिलं, कारण जुन्याला फक्त स्ट्रिंग कळायची. माधुरी, माझी बायको, औषधांच्या गोडाउनमध्ये काम करते, तिला पहाटेची पाळी होती. ती जाताना मी टेबलाशी असायचो आणि दुपारी परत यायची तेव्हाही तिथेच. बुधवारी दुपारी तिने माझ्यासमोरून गार चहाचे तीन कप उचलले. चौथा गरम आणून ठेवला.

त्याच दुपारी साडेचारला कंपाइल झाला. आठ मिनिटं पन्नास सेकंद.

आमच्याकडे नियम असा, की कोणी लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. कंपायलरचा कोड तपासणार हेमिश. एरवी तो दोन आठवडे घेतो. मी त्याला लिहिलं, उद्या सकाळपर्यंत हवंय. त्याने लिहिलं, शक्य नाही. मी लिहिलं, मग ग्रेगला सांगतो की टूवूंबा तुझ्यासाठी थांबलंय. रात्री जेवणं होईतो त्याच्या चौदा कमेंट आल्या.

त्यातल्या तेरा मी नीट वाचल्या. हे नाव बदल, ही ओळ वर घे. बदल केले. चौदावी अशी होती : 'या ॲरेचा मालक कोण?'

माझं डोकं सटकलं. तीन वर्षांपूर्वी एक शब्द, आता चार. मालक कोण म्हणे. मालक मी! मी लिहिलंय हे! मी 'रिझॉल्व्ड' या बटणावर क्लिक केलं, म्हणजे हा मुद्दा मिटला आणि कोड बाहेर जायला मोकळा झाला, आणि लॅपटॉप बंद केला.

गुरुवारी सकाळी डेनिसने नवा कंपायलर लावला. यादी आली, कंपाइल झाला, नऊ मिनिटं. डेनिस म्हणाली, "मी चुकीचं बटण दाबलं का म्हणून दोनदा बघितलं." ग्रेगने मला अंगठा पाठवला. मी संध्याकाळच्या व्यायामाच्या तासात युनिला दोन फेऱ्या मारल्या.

शुक्रवारी पहाटे पाच पन्नासला यादी आली. कबूल केल्याप्रमाणे मीच फोन केला. डेनिसने कंपाइल लावला. सहा वाजता ती म्हणाली, "झाला. नाही, थांब. एरर आहे. पेशंट नावाचा टाइप सापडत नाही म्हणतोय."

"असं कसं? पेशंट काय कालचा आहे का? सगळे नियम त्याच्यावरच आहेत."

"मला काय विचारतोस? तुझा कंपायलर म्हणतोय."

"तू काहीतरी बदललं असशील."

"हो, बदललं," ती म्हणाली. "यादी बदलली. त्यासाठीच पहाटे साडेपाचला थंडीने मरत इथे आले. आता तू ओरडून घे, मी धरून आहे. बाहेर अकरा गाड्या उभ्या आहेत."

मी ओरडलो नाही. पण फोन म्यूट करून टेबलावर मूठ आपटली. माधुरी डबा भरत होती.

"काय झालं?"

"हेमिश. त्याने काहीतरी घाण केली असणार. मुद्दाम."

"त्याने काय केलं?"

"चौदा कमेंट टाकल्या."

"मग तुम्ही केलंत ना ते?"

"तेरा केल्या. एक फालतू होती, ती रिझॉल्व्ड केली."

"म्हणजे काय केलंत?"

"म्हणजे... बटण दाबलं."

माधुरीने डब्याचं झाकण लावलं. "अहो, पण त्याने विचारलं काय होतं?"

मी कमेंट पुन्हा उघडली. 'या ॲरेचा मालक कोण?' ती वाचली, आणि या वेळी मला ती कळली.

सांगतो. स्ट्रिंगचा एक गुण असतो. एकदा बनली की ती बदलता येत नाही. कॅरेक्टर ॲरेचं तसं नाही, त्यातलं अक्षर कोणीही खोडून दुसरं लिहू शकतं. झेरॉक्सवर काही खरडलं तर मूळ यादीला धक्का लागत नाही. आता झेरॉक्स नव्हतीच, सगळ्यांची बोटं एकाच मूळ यादीवर. त्यावर कोणी पेन चालवलं तर ते सगळ्यांसाठी बदललं. मालक कोण, म्हणजे पेन चालवायचा हक्क कोणाचा, एवढंच हेमिशने विचारलं होतं.

आणि पेन मीच चालवलं होतं. कंपायलर एखादी सूचना, म्हणजे वॉर्निंग, दाखवतो तेव्हा नाव वाचायला बरं दिसावं म्हणून 'क्लिनिक/पेशंट'मधली तिरकी रेघ काढून तिथे टिंब घालतो. पूर्वी हे झेरॉक्सवर व्हायचं. माझ्या कोडमध्ये ते थेट मूळ यादीत होत होतं. पहिली वॉर्निंग आली, की मूळ यादीतल्या पेशंटचं नाव बदललं, आणि त्यानंतर त्याला शोधणाऱ्या कोणालाच तो सापडला नाही. गुरुवारच्या यादीत वॉर्निंग नव्हती. शुक्रवारच्या यादीत एक जुनं ठिकाण पुन्हा आलं होतं, त्यावर आली. आणि माझ्या चाचण्यांत का नाही सापडलं? कारण स्क्रीन भरून जाते म्हणून मी वॉर्निंग बंद ठेवल्या होत्या.

कोड तपासून घेतल्याशिवाय बाहेर जात नाही, हा नियम त्या सकाळीही होता. सहा वाजून बारा मिनिटांनी मी हेमिशला फोन लावला. त्याला फोन लावायची ती माझी पहिलीच वेळ.

"हं?" झोपेतला आवाज.

"चौदा नंबरची कमेंट," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं. मी न वाचता बंद केली."

 तो हसायला लागला. चिडवून नव्हे, अगदी मोकळेपणाने. "वॉर्निंगमध्ये ना? टिंबं?"

"तुला कसं कळलं?"

"मीसुद्धा तिथेच आपटलो होतो. तुझी नोट आली तेव्हा करून बघितलं मी. आठवडाभर तो बग शोधला, सापडला नाही. म्हणून पार्क केलं. सापडला तो पुढच्या वर्षी, आंघोळ करताना. पण माझ्याकडे तर व्यवस्थित चालत होतं, मग राहिलं."

"तू करून बघितलं होतंस?"

"नोट चांगली होती."

"मग हे ईमेलमध्ये लिहायला काय झालं होतं?"

"आठवडाभर बग सापडला नाही, हे ईमेलमध्ये कोण लिहितं?"

मीसुद्धा लिहिलं नसतं.

"बदल पाठव," तो म्हणाला. "मी लॅपटॉप उघडतोय."

दुरुस्ती एका ओळीची होती. टिंब घालण्याआधी तेवढ्या नावाची प्रत काढायची आणि पेन प्रतीवर चालवायचं. वॉर्निंग दिवसाला पाच-दहा, तेवढ्या झेरॉक्सने खोली भरत नाही. मी या वेळी वॉर्निंग चालू ठेवून चाचणी घेतली. हेमिशने सहा अठ्ठावीसला मान्यता दिली. सहा सदतीसला नवा कंपायलर टूवूंबाला पोचला. डेनिसने बटण दाबलं आणि फोन टेबलावर ठेवला. मला त्यातून फक्त तिचा हीटर ऐकू येत होता.

"साठ टक्के," ती म्हणाली. "ऐंशी." मग, "वॉर्निंग आली."

मी खुर्चीवरून उठलो.

"पुढे गेला. नव्वद."

सहा शेहेचाळीस. नऊ मिनिटं. तिने टॅब्लेटवर नवे प्रश्न तपासले, नर्सेसना हाक मारली. सातला पहिल्या गाडीचं इंजिन सुरू झालेलं मी क्लेटनमध्ये ऐकलं.

"दहाच्या आत," डेनिस म्हणाली. "पण मला घाम फोडलास."

"थंडी होती ना?"

"ठेव फोन."

नऊला ग्रेग. त्याला पहाटेचं सगळं कळलेलं होतं.

"पहिला कंपाइल फेल झाला," तो म्हणाला. "तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..."

"ईमेल वाच. शुक्रवारी, दहा मिनिटांच्या आत. कितव्या प्रयत्नात, ते कुठे लिहिलंय?"

"तू पार्किंग मीटरशीसुद्धा हुज्जत घालशील."

"वाचलीस का?"

"वाचली. हेमिशचं मत घ्यावं लागेल पण."

"घे."

हेमिश त्याच कॉलवर होता, कॅमेरा बंद करून. तो म्हणाला, "मला तो हवाय. पण त्याच्या कमेंटचं 'रिझॉल्व्ड' बटण काढून घ्या."

टूवूंबा टिकलं, सपोर्ट डेस्कही टिकलं. मी पुढच्या सोमवारी कंपायलर टीममध्ये गेलो. म्हणजे त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत, फक्त मीटिंग वेगळी. तिथल्या पहिल्याच मीटिंगमध्ये माझं आणि हेमिशचं वाजलं. डेनिस अधूनमधून फोन करते. मुख्यतः तक्रारीच असतात.

या प्रकरणातून घेण्यासारखं दोन ओळींचंच आहे. वाचायची वस्तू सगळ्यांनी मिळून एकच वापरावी, लिहायचं असेल तर आपली प्रत काढावी. आणि ज्याच्याशी आपलं मुळीच पटत नाही, त्याची कमेंट सगळ्यात आधी वाचावी, कारण आपलं काम इतक्या बारकाईने दुसरं कोणी तपासत नाही.